हायब्रिड गाडीचं ॲव्हरेज आणि तिची चाकं: पुण्यातल्या नव्या मालकांसाठी

हायब्रिड गाडी घेणाऱ्याने ॲव्हरेजचा हिशेब करूनच ती घेतलेली असते. ग्रँड व्हिटारा किंवा हायरायडरच्या स्ट्राँग हायब्रिडचा प्रमाणित आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर आहे. रस्त्यावर तेवढं मिळत नसलं, तरी कर्वे रस्त्यावरच्या संध्याकाळच्या गर्दीतही ही गाडी साध्या पेट्रोल गाडीपेक्षा बरीच पुढे राहते. पुढे कंपनीचे टायर झिजतात, दुकानदार हाताशी असलेले नवे बसवतो आणि त्या दिवसापासून ॲव्हरेज एक-दीड किलोमीटरने उतरतं. मालक बॅटरी तपासून घेतात. बॅटरी ठणठणीत असते. फरक चार चाकांत पडलेला असतो आणि तिकडे कोणी बघतच नाही.

म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. यातलं बहुतेक काम घरी, पार्किंगमध्ये, फार खर्च न करता होतं.

टायर पेट्रोल कसं खातो

टायर रस्त्याला टेकतो तिथे तो थोडा चपटा होतो आणि पुढे सरकला की पुन्हा गोल होतो. प्रत्येक फेरीत रबर असं दबतं आणि सुटतं. दबताना लागलेली सगळी ऊर्जा रबर सुटताना परत देत नाही, काही भाग उष्णतेत जातो. लांबच्या प्रवासानंतर टायरला हात लावला तर तो गरम लागतो, ती उष्णता तुमच्या टाकीतूनच आलेली असते. याला रोलिंग रेझिस्टन्स म्हणतात.

हायब्रिडमध्ये हे जास्त का जाणवतं? साध्या गाडीत पेट्रोल वाया जायच्या वाटा अनेक. सिग्नलला इंजिन चालू राहतं, ब्रेक दाबला की गाडीचा वेग ब्रेक पॅडवर जळून जातो, कमी वेगात इंजिन अकार्यक्षम चालतं. हायब्रिडने या वाटा बऱ्याच बुजवल्या आहेत. सिग्नलला इंजिन बंद, ब्रेक लावताना मोटर जनरेटर होऊन बॅटरी भरते, आणि इंजिन शक्यतो त्याला सोयीचं असेल तेव्हाच चालतं. पण टायरमध्ये जी ऊर्जा उष्णता होऊन गेली आणि हवेला कापताना जी गेली, ती कुठलीही मोटर परत आणू शकत नाही. शहरातल्या तीस-चाळीसच्या वेगात हवेचा विरोध किरकोळ असतो. उरतो तो मुख्यतः टायर.

आकड्यांत बघू. माणसांसकट गाडी १,४०० किलोची धरा. साध्या टायरचा रोलिंग रेझिस्टन्स वजनाच्या एक टक्का धरला, तर १०० किलोमीटरला फक्त टायर लोळवायला सुमारे ३.८ युनिट (विजेच्या बिलावरचं युनिट, म्हणजे किलोवॅट-तास) ऊर्जा लागते. इंजिन पेट्रोलमधली जेमतेम ३५-४० टक्के ऊर्जा चाकापर्यंत पोचवतं हे धरलं, तर ते सव्वा लिटरच्या आसपास पेट्रोल झालं. २२ चं ॲव्हरेज देणारी गाडी १०० किलोमीटरला साडेचार लिटर पिते, म्हणजे त्यातलं पाव पेट्रोल टायरच्या नावावर. हाच टायर २० टक्के हलका फिरणारा असेल तर पाव लिटर वाचतं, म्हणजे पाच टक्क्यांच्या वर. उलट दिशेने गेलात तर २२ चे २१ होतात.

पायरी पहिली: आत्ताचं ॲव्हरेज नीट मोजून ठेवा

मीटरवरचा आकडा तुलनेला बरा, पण बहुतेक गाड्यांत तो थोडा गोड असतो. टाकी फुल करून मोजा. एकच पंप, शक्यतो एकच मशीन, आणि नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झाली की थांबायचं. 'अजून राऊंड फिगर करून देतो' म्हणणाऱ्याला नाही म्हणा. पुढच्या वेळी तसंच भरा आणि मधले किलोमीटर भागिले लिटर करा. एका टाकीवर विश्वास ठेवू नका, तीन-चार टाक्यांची सरासरी घ्या.

पुण्यात मोजताना घाट लक्षात ठेवा. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे आणि मुंबई जवळजवळ समुद्रालाच लागून. १,४०० किलोची गाडी एवढी वर चढवायला केवळ चढाचंच अर्धा लिटरहून जास्त पेट्रोल लागतं. म्हणून मुंबईला जातानाचं ॲव्हरेज झकास येतं आणि परतताना पडतं, यात टायरचा काही दोष नसतो. जाऊन-येऊन मिळून मोजा. उतारावर सगळी ऊर्जा परत मिळेल असंही धरू नका. हायरायडरसारख्या गाडीची बॅटरी पाऊण युनिटच्या आसपास आहे. बोरघाट उतरताना ती मध्येच भरते आणि मग उरलेली ऊर्जा इंजिन ब्रेकिंगमध्ये जाते.

ऋतूही बघा. एप्रिल-मेमध्ये एसी बॅटरी खातो आणि इंजिन जास्त वेळा चालू होतं. मेमधले आकडे ऑगस्टच्या आकड्यांशी ताडून टायरवर निकाल देऊ नका. पेट्रोलमधलं इथेनॉलही वीस टक्क्यांपर्यंत गेलं आहे आणि इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. तीन-चार वर्षांपूर्वीच्या नोंदीशी आजची तुलना करताना हेही धरायला हवं.

पायरी दुसरी: हवा

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित काम हेच. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर एक स्टिकर दिसतो. त्यावर पुढच्या आणि मागच्या टायरची हवा लिहिलेली असते, बऱ्याचदा दोन माणसांसाठी वेगळी आणि भरलेल्या गाडीसाठी वेगळी. तुमच्या गाडीसाठी तोच आकडा खरा. टायरच्या कडेवर जो मोठा आकडा लिहिलेला असतो तो त्या टायरची कमाल मर्यादा असते. तेवढी हवा भरायची नसते.

स्टिकरवरचा आकडा गार टायरचा आहे. गार म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असलेली, किंवा जेमतेम एक-दोन किलोमीटर चाललेली. हिंजवडीहून कोथरूडला येऊन वाटेतल्या पंपावर हवा बघितली तर गरम टायर तीन-चार पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप) जास्त दाखवतो. पंपावरचा माणूस तेवढी काढून टाकतो आणि सकाळी टायर कमी हवेवर उभा असतो. दर वेळी असं झालं तर गाडी कायमच कमी हवेवर धावते.

यावर उपाय सोपा आहे. काही शे रुपयांचा डिजिटल गेज घ्या. जमलं तर गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंपही घ्या, तो एकदाच घ्यावा लागतो. महिन्यातून एकदा, सकाळी गाडी बाहेर काढण्याआधी चारही टायर आणि स्टेपनी तपासा. चांगल्या टायरमधूनसुद्धा महिन्याला एखादा पीएसआय आपोआप जातो. एकाच चाकातून जास्त जात असेल तर व्हॉल्व्ह किंवा बारीक खिळा शोधायला पंक्चरवाल्याकडे जा.

तापमानाचा परिणाम पुण्यात चांगलाच मोठा आहे. साधारण साडेपाच अंश तापमान उतरलं की एक पीएसआय कमी होतो. मेच्या सकाळी २६ अंशांत बरोबर भरलेली हवा जानेवारीच्या दहा अंशांच्या सकाळी तीन पीएसआयने कमी दिसेल, आणि यात गळती धरलेलीच नाही. दिवाळीनंतर थंडी पडली की एकदा आवर्जून तपासा.

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा अंदाज असा की चारही टायरमध्ये सरासरी एक पीएसआय कमी झाला की इंधनात ०.२ टक्के तोटा होतो. आकडा लहान वाटतो. पण सहा-सात पीएसआय कमी हवेवर महिनोन्महिने फिरणाऱ्या गाड्या मी कितीतरी पाहिल्या आहेत. शिवाय कमी हवेने टायरच्या दोन्ही कडा आधी झिजतात, तो खर्च वेगळाच. गाडीत हवेचा इशारा देणारी यंत्रणा असली तरी ती दिवा लावते तेव्हा हवा बरीच उतरलेली असते. त्या दिव्याची वाट बघू नका.

आता उलटा मोह. हायब्रिड मालकांपैकी काही जण ॲव्हरेजसाठी स्टिकरपेक्षा सात-आठ पीएसआय जास्त भरतात. ॲव्हरेज थोडं वाढतंही, पण असं करू नका. जास्त हवेने टायरची रस्त्यावरची पकड घटते, ब्रेक लागायला अंतर जास्त लागतं, आणि आपल्या जुलैच्या खड्ड्यांत रिम वाकण्याचा आणि साइडवॉलला फुगा येण्याचा धोका वाढतो. एक-दोन पीएसआय वर चालेल, त्याच्या पुढे नाही.

नायट्रोजनबद्दल थोडक्यात. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. नायट्रोजनची गळती किंचित कमी होते, तापमानाबरोबर दाब चढतो-उतरतो तो तसाच. फुकट मिळत असेल तर घ्या. त्यासाठी पैसे मोजण्यापेक्षा महिन्यातून एकदा गेज लावणं कितीतरी उपयोगाचं.

पायरी तिसरी: टायरवरचा नंबर वाचायला शिका

उदाहरणार्थ २१५/६० आर१७ ९६एच. २१५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ६० म्हणजे कडेची उंची रुंदीच्या साठ टक्के. १७ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. ९६ हा वजनाचा निर्देशांक, म्हणजे एका टायरवर ७१० किलोपर्यंत. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. बदलताना शेवटचे दोन मूळ टायरपेक्षा कमी असता कामा नयेत. हायब्रिड बॅटरी आणि मोटरमुळे साध्या गाडीपेक्षा जड असते, त्यामुळे वजनाच्या निर्देशांकाशी तडजोड नको.

शेजारीच चार अंकी तारीख असते. पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. दुकानात दोन-तीन वर्षं पडून राहिलेला टायर नवा म्हणून घेऊ नका.

पायरी चौथी: मोठी अलॉय बसवायची आहेत?

नव्या गाडीला मोठी रिम आणि रुंद टायर बसवायची हौस अनेकांना असते. नाना पेठेत किंवा कुठल्याही मोठ्या टायरच्या दुकानात गेलात तर पर्याय भरपूर मिळतील आणि 'काही फरक पडत नाही' हे आश्वासनही मिळेल. हायब्रिडला फरक पडतो.

टोयोटा प्रियसच्या २०२३ च्या अमेरिकी मॉडेलचे सरकारी आकडे बघा. १७ इंची चाकांच्या खालच्या मॉडेलला ५७ मैल प्रतिगॅलन, १९ इंची चाकांच्या वरच्या मॉडेलला ५२. आपल्या भाषेत लिटरला साधारण २४.२ आणि २२.१ किलोमीटर. इंजिन तेच, बॅटरी तीच, टायरची रुंदीसुद्धा दोन्हीकडे १९५. वरच्या मॉडेलला थोडं वजन जास्त आहे, पण दोन मॉडेलमधला ॲव्हरेजशी संबंधित सगळ्यात मोठा बदल चाकांचाच आहे. कंपनीने स्वतः विचार करून निवडलेल्या चाकांत एवढा फरक पडतो, तर दुकानात बघून आवडलेल्या चाकांत किती पडेल याचा अंदाज करा.

यात अनेक कारणं एकत्र येतात. रुंद टायर समोरून जास्त हवा अडवतो. बाजारात मोठ्या रिमसाठी मिळणारे टायर बहुतेक पकडीसाठी आणि दिसण्यासाठी बनवलेले असतात, त्यांचं रबर जास्त ऊर्जा खातं. जास्त उघड्या डिझाइनच्या रिमभोवती हवा घुसळली जाते. प्रियसच्या जुन्या पिढ्यांत अलॉयवरही प्लॅस्टिकची सपाट झाकणं असायची, ती ह्यासाठीच. वजनाचं म्हणाल तर जड रिम फिरवायला जास्त ऊर्जा लागते, मात्र हायब्रिड ब्रेक लावताना त्यातली काही परत मिळवते. म्हणून मी रिमच्या किलोंपेक्षा टायरच्या जातीकडे आधी बघतो.

बाहेरचा व्यास बदलला की आणखी एक गोंधळ होतो. २१५/६० आर१७ चा व्यास सुमारे ६९० मिलिमीटर. त्याजागी २२५/६० आर१७ घातला तर ७०२ मिलिमीटर, म्हणजे पावणेदोन टक्के मोठा. आता चाकाच्या एका फेरीत गाडी जास्त अंतर जाते, पण मीटर जुन्याच हिशेबाने मोजतो. मीटर ५०० किलोमीटर दाखवेल तेव्हा गाडी जवळजवळ ५०९ चाललेली असेल. त्यामुळे ॲव्हरेज प्रत्यक्षात आहे त्याहून कमी भासेल आणि गाडीचा खरा वेगही मीटरपेक्षा जास्त असेल. २३५/६० ला हा फरक साडेतीन टक्क्यांवर जातो. तेवढा बदल करूच नका.

माझं स्पष्ट मत: कंपनीच्या मापावर राहा. तुमच्याच मॉडेलच्या खालच्या व्हेरियंटला लहान रिम असेल, मॅन्युअलमध्ये ते माप तुमच्या व्हेरियंटसाठीही दिलेलं असेल आणि ब्रेकचं कॅलिपर त्यात बसत असेल, तर उलट लहान रिमचा विचार करा. जाड कडेचा टायर आपल्या रस्त्यांना मानवतो आणि स्वस्तही पडतो.

पायरी पाचवी: नवे टायर निवडताना

इथे घाई करू नका, कारण ही निवड पुढची चार-पाच वर्षं तुमच्या टाकीशी जोडलेली राहते. वर काढलेले पाच टक्के धरले, तर ४५,००० किलोमीटरच्या आयुष्यात १०० लिटर पेट्रोल होतं. शंभर-एकशेपाच रुपये लिटरने दहा हजारांच्या वर. टायरच्या सेटवर दोन हजार वाचवून हे गमवायचं का, एवढाच हिशेब आहे.

आधी गाडीवर आलेल्या टायरचं पूर्ण नाव लिहून घ्या, नुसती कंपनी नाही. गाडी बनवणारे हायब्रिडसाठी बहुतेकदा कमी रोलिंग रेझिस्टन्सचा टायर निवडतात, कारण प्रमाणित ॲव्हरेज त्या टायरवरच ठरतं. वेताळ टेकडीवरच्या एआरएआयसारख्या संस्थेत गाडी रोलरवर चाचणीला चढते, तेव्हा त्या रोलरचा भार गाडीच्या रस्त्यावरच्या विरोधावरूनच बसवलेला असतो. त्यात टायर आलेच. तोच टायर बाजारात मिळत असेल तर तो सगळ्यात सुरक्षित पर्याय.

मिळत नसेल तर दुकानदाराला तीन गोष्टी विचारा. एक, या मापात कमी रोलिंग रेझिस्टन्सचा कुठला टायर आहे. दोन, त्याला बीईईचे तारे आहेत का. फ्रिज आणि एसीवर तारे लावणारी ही संस्था टायरनाही तारे देते, जास्त तारे म्हणजे कमी इंधन. तीन, ओल्या रस्त्यावरची पकड कशी आहे. युरोपात विकल्या जाणाऱ्या टायरवर इंधन आणि ओली पकड यांची ए ते ई अशी अक्षरं असतात. इंधनात ए म्हणजे टनामागे साडेसहा किलोपर्यंतचा विरोध आणि डी म्हणजे नऊच्या वर. तेच नाव आणि तेच माप तिथे मिळत असेल तर अंदाजाला ही अक्षरं उपयोगी पडतात. फक्त माप बदललं की अक्षरही बदलू शकतं आणि भारतात बनणाऱ्या टायरचं रबर वेगळं असू शकतं.

तिसरा प्रश्न विसरू नका. आपल्याकडे चार महिने पाऊस असतो. खंबाटकी किंवा ताम्हिणीत पावसात गाडी थांबवायची असते तेव्हा लिटरमागचा एक किलोमीटर कामाला येत नाही. सुदैवाने सिलिका मिसळलेल्या रबराने ही जुनी ओढाताण बरीच कमी केली आहे. हलका फिरणारा आणि ओल्यात धरणारा, असे दोन्ही गुण असलेले टायर मिळतात. दोन्हीत चांगला असलेला घ्या, आणि एकाचीच निवड करायची वेळ आली तर ओल्या पकडीला मत द्या.

चारही टायर एकाच जातीचे ठेवा. निदान एका ॲक्सलवर तरी दोन वेगळे नकोत.

पायरी सहावी: चाक सरळ आणि मोकळं फिरतंय ना

पावसाळा संपला की अलाइनमेंट करून घ्या. मोठा खड्डा जोरात लागला असेल किंवा सरळ रस्त्यावर स्टिअरिंग सोडल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल तर लगेच. चाकं किंचित आत किंवा बाहेर वळलेली असली की टायर लोळता लोळता घासतही राहतो. पेट्रोल जातं आणि टायर तर वर्षभरात संपतो. तळहात टायरवरून आडवा फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट्या दिशेने करवतीसारखं लागलं तर अलाइनमेंट बिघडलेली आहे. दहा हजार किलोमीटरच्या आत पुढचे-मागचे टायर अदलाबदल करून घ्या.

हायब्रिडची एक खास गोष्ट इथे सांगायला हवी. मोटरच बराच ब्रेक लावत असल्याने डिस्क आणि पॅड कमी वापरले जातात. पावसाळ्यात उभ्या गाडीच्या डिस्कवर गंज धरतो आणि कॅलिपरची पिन अडकू शकते. मग पॅड डिस्कला घासत राहतो आणि ते ॲव्हरेजमध्ये दिसतं. अर्धा तास गाडी चालवून आल्यावर चारही रिमजवळ हात न्या, रिमला हात लावू नका. एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट जास्त गरम असेल तर ब्रेक उघडून साफ करून घ्या.

नवे टायर बसवल्यावर पहिले काही आठवडे

दुकानात टायर बसवताना हवा बहुतेकदा जास्त भरलेली असते किंवा सगळ्या गाड्यांना एकच आकडा लावलेला असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी गार टायरवर स्वतः तपासून स्टिकरप्रमाणे करा.

ॲव्हरेज लगेच पडलेलं दिसेल, घाबरू नका. नव्या टायरचा नक्षीचा थर जाड असतो आणि जाड रबर जास्त दबतं. झिजलेला टायर हलका फिरतो, त्यामुळे तुमच्या डोक्यातला जुना आकडा त्या टायरच्या शेवटच्या काळातला आहे. शिवाय ८ मिलिमीटरची नक्षी १.६ मिलिमीटरच्या कायदेशीर मर्यादेपर्यंत आली की चाकाचा व्यास १३ मिलिमीटरने, म्हणजे १७ इंची चाकावर जवळजवळ दोन टक्क्यांनी कमी झालेला असतो. जुने टायर मीटरला जास्त किलोमीटर दाखवत होते, नवे खरे दाखवतात. या दोन टक्क्यांत पेट्रोलचा एक थेंबही जास्त गेलेला नाही.

म्हणून पहिले हजार-दीड हजार किलोमीटर नुसती नोंद ठेवा. त्यानंतर पहिल्या पायरीतल्यासारख्या तीन-चार टाक्या मोजा, जुन्या आकड्यातून मीटरचे दोन टक्के वजा करा आणि मग तुलना करा. दोन-तीन टक्के कमी असेल तर टायर चांगला आहे, झिजता झिजता आकडा वर येईल. सात-आठ टक्के कमी असेल, हवा बरोबर असेल आणि ब्रेकही मोकळे असतील, तर टायर जड फिरणारा आहे. त्याचं नाव वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी दुसरा घ्या.